भाताचा आपद्धर्म
(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. अशा प्रसंगी समाजाचा इतिहास, शिक्षणाचे महत्त्व, लग्नातील वाढता खर्च यांवर बोलण्याचा प्रघात आहे, आणि ते विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु त्यांवर अधिकाराने बोलणारी मंडळी या सभागृहात पुष्कळ आहेत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, शाळेत मराठी व सामान्य विज्ञान शिकवून निवृत्त झालेले शिक्षक. निवृत्तीनंतर जो वेळ हाती आला तो वाचनात घातला, आणि त्या वाचनात एक हकीकत अशी आढळली की ती आपल्या माणसांस सांगितल्यावाचून राहवेना. ती भाताच्या रोपाची हकीकत आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आजोबांच्या काळापर्यंत तरी भातशेती होती. काहींच्या घरी आजही आहे. तेव्हा विषय परका नाही.

संकट आले असता जनावर पळते. माणूस गाठोडे घेऊन उंचवट्यावर जातो. रोपाला मात्र जेथे रुजले तेथेच उभे राहावे लागते. ऊन, अवर्षण, पूर, खारे पाणी, कीड, यांपैकी जे येईल ते जागच्या जागी सोसावयाचे. मग ते केवळ सोसते, की त्याला संकटाची काही जाण होते आणि त्या जाणिवेनुसार ते आपले वर्तन बदलते? प्रयोगाच्या मार्गाने हा प्रश्न हाती घेणाऱ्यांत आपल्या देशाचे आचार्य जगदीशचंद्र बसू यांचे नाव अग्रभागी आहे. रोपाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखविणारे यंत्र त्यांनी निर्माण केले, आणि उष्णता, विष, आघात यांना रोपे प्रतिसाद देतात हे जगापुढे मांडले. १९१७ साली कलकत्त्यास त्यांनी स्थापन केलेली संस्था आजही कार्य करीत आहे. तथापि रोपाच्या आत हा प्रतिसाद नेमका कोठून उठतो, हे कळावयास पुढील अनेक दशके जावी लागली. ते उत्तर आज बऱ्याच अंशी हाती आले आहे, आणि ते रोपाच्या जनुकांत आहे.

जनुक म्हणजे काय, हे आम्ही वर्गात सांगत असू त्याच रीतीने सांगतो. प्रत्येक सजीव पेशीच्या केंद्रकात एक मोठी वही असते असे समजा. त्या वहीत सजीवाच्या शरीरातील प्रथिने कशी तयार करावयाची त्याच्या कृती लिहिलेल्या असतात. एकेक कृती म्हणजे एकेक जनुक. भाताची ही वही १२ जोड गुणसूत्रांत विभागलेली आहे. २००५ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी ती संपूर्ण वाचून प्रसिद्ध केली; त्या कार्यात भारताचाही वाटा होता. तीत सुमारे ३७ हजार जनुके असल्याचे त्या वेळी मोजण्यात आले. मौज अशी की, मुळाच्या पेशीत आणि पानाच्या पेशीत वही तीच असते. उघडलेली पाने तेवढी निरनिराळी असतात. संकट आले म्हणजे रोप काही पाने मिटते आणि एरवी मिटलेली काही पाने उघडते. कोणते पान केव्हा उघडावयाचे हे ठरविणारी प्रथिनेही असतात, आणि त्यांच्या कृतीही त्याच वहीत असतात. आमच्या हकीकतीचा नायक असेच एक जनुक आहे.

आता पुराकडे वळू. भाताला पाणी प्रिय आहे, ही गोष्ट खरी. परंतु शेंड्यापर्यंत बुडणे त्यालाही मानवत नाही. लावणी होऊन थोडे दिवस झाले आहेत, रोपे मूळ धरीत आहेत, आणि नदीचे गढूळ पाणी खाचरात शिरून दहा-बारा दिवस तसेच उभे राहिले, तर काय होते? वायू पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे १०,००० पटींनी सावकाश पसरतात. त्यामुळे रोपाला लागणारा प्राणवायू आत येत नाही, आणि रोपात निर्माण होणारे वायू बाहेर जात नाहीत. गढुळामुळे उजेडही अडतो. म्हणजे श्वास कोंडला आणि चूलही विझली.

परंतु ह्या कोंडण्यातूनच रोपाला वार्ता मिळते. रोपात इथिलीन नावाचा एक वायू सदैव थोडाथोडा तयार होत असतो. आंब्याच्या आढीत एक फळ पिकले की शेजारची भराभर पिकतात, हे आपल्या घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या बाईस ठाऊक आहे. ते काम ह्याच वायूचे. १९०१ साली रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह या संशोधकाने दिव्याच्या गॅसमुळे वाटाण्याची रोपे वेडीवाकडी का वाढतात याचा शोध घेताना हाच वायू त्यास कारण आहे असे दाखविले. हवेत उभ्या असलेल्या रोपातून इथिलीन निघून जातो. पाण्यात बुडालेल्या रोपात तो साचतो. पेशीच्या आत त्याची दखल घेणारी प्रथिने असतात. त्यांना पहारेकरी म्हणावे. इथिलीन नसतो तोवर हे पहारेकरी दार लावून बसलेले असतात; इथिलीन येऊन त्यांना चिकटला की दार सैल होते, निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि वहीची नवी पाने उघडू लागतात. रोपाला डोळे नाहीत, मेंदू नाही. तरी आपण बुडालो आहोत हे त्यास अशा रीतीने समजते.

येथपर्यंत सर्व भातजातींचे वर्तन सारखेच. खरा भेद पुढे आहे. बुडाल्याची वार्ता मिळताच सामान्य भात वर येण्यासाठी धडपडू लागतो. जिबरेलिन नावाचे वाढीचे संप्रेरक जोर धरते. १९२६ साली जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी भातावरील एका बुरशीच्या अभ्यासात ज्याचा माग काढला, तेच हे द्रव्य. त्याच्या जोरावर पाने लांबत जातात, खोड ताणले जाते. पाणी उथळ असेल किंवा लवकर ओसरेल, तर ही धडपड फळास येते. पण पूर उंच असेल तर रोप आपल्या गाठीची साखर व पिष्ट त्या धडपडीत खर्चून टाकते, पान पिवळे पडते, आणि आठवडा-दहा दिवसांनी पाणी उतरते तेव्हा लांबलेली, पोकळ, निःसत्त्व रोपे चिखलावर आडवी होतात. पुरानंतर कुजलेल्या खाचराचा वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

ओडिशातील शेतकऱ्यांजवळ मात्र एक जुने भात असे होते की ते सुमारे दोन आठवडे बुडून राहिले तरी पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटत असे. धलापुतिया नावाच्या त्या स्थानिक भातातून निवडून काढलेल्या वाणास एफआर-१३ए असे रूक्ष नाव मिळाले. त्यातील पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ 'पूर सोसणारे' एवढाच. हे भात उंच वाढे, उत्पन्न बेताचे देई, दाणाही मनाजोगता नसे. म्हणून शेतकऱ्यास ते फारसे नको होते. परंतु फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या बियाण्यांच्या भांडारात ते जपून ठेवलेले होते. आज त्या भांडारात एक लाख तीस हजारांहून अधिक नमुने आहेत. त्यांतील बहुतेकांना बाजारात कोणी विचारणार नाही. आमची हकीकत अशाच एका न विचारलेल्या नमुन्याची आहे.

पूर सोसण्याचा हा गुण वहीच्या कोणत्या पानावर आहे? केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी १९९६ साली तो नवव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. त्यानंतर आणखी दहा वर्षांनी, २००६ साली, त्या दोघांनी कॅलिफोर्नियातील पामेला रोनाल्ड व इतर सहकाऱ्यांसह ते नेमके जनुक ओळखले. त्याचे नाव सब-१-ए. तेथे तीन जनुके शेजारी शेजारी आहेत. पैकी हे एक काही भातजातींत मुळीच नसते, आणि काहींत असले तरी किंचित निराळ्या रूपात असते. एफआर-१३ए मध्ये ते पूर्ण कार्यक्षम रूपात आहे.

हे जनुक काय करते? ज्युलिया बेली-सेरेस व त्यांचे सहकारी यांनी त्याचा पुढे तपास केला. इथिलीन साचला की हे जनुक जागे होते. म्हणजे वार्ता तीच, वार्ताहर तोच. पण जागे झाल्यावर ते रोपाला धावावयास सांगत नाही, थांबावयास सांगते. जिबरेलिनचा लगाम ओढून धरणारी जी प्रथिने पेशीत असतात, त्यांची संख्या ते वाढविते. वाढ थांबते. साखर व पिष्ट शिलकीत राहतात, हरितद्रव्य टिकते, रोप जणू श्वास रोखून पाण्याखाली बसून राहते. पाणी उतरले, प्राणवायू आला, की त्या शिलकीच्या बळावर शेंड्यातून नवे पान काढते. एकाच संकटाचे एकच वर्तमान दोन भातांना मिळाले. एकाने सर्वस्व पणास लावले आणि प्राण गमावले, दुसऱ्याने संचय राखला आणि तो वाचला. भेद एवढा, की दुसऱ्याच्या वहीत एक पान निराळे लिहिलेले होते.

यातून संयमाचा उपदेश काढण्याचा मोह कोणासही होईल. शिक्षकाला तर विशेषच होतो. परंतु निसर्ग इतका सोपा नाही. बांगलादेशातील खोल पाण्याच्या प्रदेशात पूर दोन आठवड्यांत ओसरत नाही. तो महिनोन्महिने मुक्काम करतो. तेथे श्वास रोखून बसणारे रोप मेलेच म्हणून समजा. त्या प्रदेशातील भात पाण्याबरोबर वर चढते. दिवसाला २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत वाढून पाण्यावर डोके ठेवते. २००९ साली जपानच्या नागोया विद्यापीठातील मोतोयुकी आशिकारी व सहकारी यांनी त्या वर्तनामागील दोन जनुके शोधून काढली आणि पाण्याखाली श्वास घेण्याच्या नळीवरून त्यांस 'स्नॉर्केल' हे नाव दिले. आश्चर्य हे, की ही दोन्ही जनुके सब-१-ए च्याच कुळातील आहेत, आणि तीही इथिलीननेच जागी होतात. एक भाऊ म्हणतो थांब, दुसरे दोघे म्हणतात वाढ. २०१८ साली असेही आढळले की, ह्या उंच चढण्याच्या कामी भाताचे जे जनुक विशेष बळाने काम करते, तेच निकामी झाल्यामुळे १९६६ साली प्रसिद्ध झालेले आयआर-८ हे बुटके भात निपजले होते. हरितक्रांतीने ज्या गुणाचा त्याग केला तोच अन्यत्र प्राणरक्षक ठरला होता. म्हणजे गुण-अवगुण रोपात नसतात. पाणी कोणते, किती आणि किती दिवस, यावर ते ठरतात. आपल्या पूर्वजांनी ज्याला आपद्धर्म म्हटले तो हाच. आपत्ती निराळी, धर्म निराळा.

प्राणवायू कमी झाल्याची जाण रोपाला आणखी एका मार्गाने होते. २०११ साली युरोपातील संशोधकांच्या दोन गटांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या लहान रोपावर हे सिद्ध केले. ह्याच कुळातील काही प्रथिने रोप नित्य तयार करीत असते. पण प्राणवायू असेपर्यंत त्यांच्या टोकाशी एक बदल घडतो आणि ती लगेच मोडली जातात. प्राणवायू घटला की ती मोडत नाहीत; शिल्लक राहतात, आणि आणीबाणीची पाने उघडतात. नित्य बांधावे आणि नित्य मोडावे, हा वरवर पाहता अपव्यय वाटतो. परंतु संकटाच्या वेळी नवी सिद्धता करण्यात क्षणही दवडावा लागू नये म्हणून मोजलेली ही किंमत आहे.

आता या ज्ञानाचा शेतात काय उपयोग झाला ते सांगतो, कारण त्यावाचून ही हकीकत अपुरी राहील. आंध्र प्रदेशातील मारुटेरू येथे तयार झालेले स्वर्णा हे भात पूर्व भारतात फार लोकप्रिय. पण पूर त्याला सोसत नसे. शास्त्रज्ञांनी पूर सोसणाऱ्या वाणाशी त्याचा संकर केला, संततीचा स्वर्णाशीच पुन्हापुन्हा संकर केला, आणि प्रत्येक पिढीतील रोपांची वही तपासून ज्यात सब-१-ए उतरले आहे तेवढी रोपे ठेवली. अखेर सर्व गुण स्वर्णाचे आणि एक पान ओडिशातील जुन्या भाताचे, असे स्वर्णा-सब-१ तयार झाले. ते २००९ साली भारतात प्रसृत झाले. यात बाहेरून जनुक घुसविलेले नाही. रीत संकराचीच, नजर मात्र नवी. भात स्वतःच्याच परागाने फळत असल्यामुळे शेतकरी त्याचे बी घरी राखू शकतो, हेही लक्षात घ्यावे.

ओडिशातील १२८ गावांत या भाताची पारख करण्यात आली. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शेतकऱ्यांस पाच-पाच किलो बियाणे देण्यात आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, शेत दहा दिवस बुडाले असता नव्या भाताचे उत्पन्न जुन्या स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आले. आणि पूर आला नाही तरी तोटा झाला नाही. पण त्याच अहवालातील दुसरी एक नोंद आम्हांस अधिक महत्त्वाची वाटली. पुराचे पाणी जेथे प्रथम शिरते त्या सखल जमिनी बहुतांशी अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे आहेत, असे संशोधकांना आढळले. म्हणून ह्या बियाण्याचा लाभही त्यांनाच अधिक होतो.

बंधूंनो, आपण येथे ज्ञातीच्या नावाने जमलो आहोत, म्हणूनच ही नोंद येथे मोठ्याने सांगितली पाहिजे. पूर सर्वांवर सारखा येतो असे आपण म्हणतो. तो सारखा येत नाही. उंचावरची जमीन कोणाच्या वाट्यास आली आणि नदीकाठची कोणाच्या, हे नदीने ठरविलेले नाही. माणसांनी पिढ्यानुपिढ्या ठरविले. एका जनुकाने त्या अन्यायाचा भार थोडा हलका केला. त्याने अन्याय मिटविला असे मात्र नव्हे. ते काम जनुकाचे नाही, आपले आहे. आपापल्या गावी बांधाच्या खालच्या अंगाला कोणाची शेते आहेत, हे प्रत्येकाने एकदा मनाशी आठवून पाहावे.

ह्या भाताच्या मर्यादाही सांगणे अवश्य आहे. दोन आठवड्यांच्या पलीकडे पाणी राहिले तर तेही टिकत नाही; गुडघाभर पाणी महिनाभर तुंबून राहिले तर न वाढण्याचा गुणच त्याला बाधक होतो. अवर्षणाच्या बाबतीत मात्र एक सुखद आश्चर्य दिसून आले. पाणी तुटल्यावर तग धरण्याच्या व पाणी मिळताच पुन्हा सावरण्याच्या कामीही सब-१-ए साहाय्य करते, असे २०११ साली दिसून आले.

आता थोडे आपल्या घराकडे. समुद्राच्या भरतीचे पाणी बांध फोडून शेतात शिरले की जमीन खार होते. कोकणच्या किनाऱ्यावर हे दुःख जुने आहे. तेथेही उपाय जुन्या बियाण्यांतच आढळले. बंगालच्या नोना बोकरा या भातात २००५ साली एक जनुक सापडले. मुळातून वर चढणाऱ्या रसातील मीठ वाटेतच काढून घ्यावे आणि पानापर्यंत पोचू देऊ नये, हे त्याचे कार्य. केरळचे पोक्कळी, गोव्याच्या खाजण शेतीतील कोरगूट, हीही खारे पाणी सोसणारी जुनी भाते आहेत. अशा प्रत्येक वाणाच्या वहीत कोणत्या तरी संकटावरचे एखादे पान लिहिलेले असू शकते. ते पान कोणत्या पंडिताने लिहिले नाही; त्या त्या जमिनीवर शेकडो पावसाळे रोपे मेली, जी उरली त्यांचे बी शेतकऱ्याने राखले, त्यातून ते लिहिले गेले.

आणि ही पाने आपल्या डोळ्यांदेखत फाटत आहेत. आपल्या आज्यांच्या कणगीत जी बियाणी होती, त्यांपैकी किती आज आपल्या घरी आहेत? सुधारित बियाणे आणू नये असे आमचे म्हणणे नाही. त्याने पोटे भरली आहेत. परंतु नव्या बियाण्याला संकटात तारणारा गुण अखेर जुन्या बियाण्यातूनच उसना घ्यावा लागला, हे ध्यानात असू द्यावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांचे जे जतन केले, त्याची दखल घेऊन २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्या बाईंना शाळेचा लाभ झालेला नाही. आम्ही शाळेत आयुष्य घालविले, म्हणून ही गोष्ट विशेष आदराने सांगतो.

तेव्हा आमची एक लहानशी विनंती आहे. आपल्या मंडळाकडून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके दिली जातात. त्या विद्यार्थ्यांना येत्या सुटीत एक काम सांगावे. आपल्या गावी जाऊन वडीलधाऱ्यांस विचारावे की, पूर्वी कोणती भाते लावीत, कोणते पाण्यात टिके, कोणते कमी पावसात येई, कोणते कोणत्या खाचरात लावीत. नावे आणि गुण वहीत उतरून घ्यावे. मूठभर बी कोठे मिळाले तर नाव, गाव व साल लिहून जपावे आणि जवळच्या कृषी विद्यापीठापर्यंत पोचवावे. ज्या वृद्धांस हे ठाऊक आहे ते आता थोडे उरले आहेत. विचारावयाचे तर ह्या एक-दोन वर्षांतच विचारले पाहिजे. पुढील मेळाव्यात मुलांनी त्या वह्या आणल्या, तर त्या तपासण्याचे काम आम्ही आनंदाने करू. वह्या तपासण्याची आम्हांस सवय आहे.